पोषण आहाराच्या खोलीतलं बीजगणित : दहावीला बसलेल्या एका ताईंचं प्रकरण

मध्यंतरी आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत आम्हा सगळ्या शिक्षकांना एकेक कागद दिला, वर छापलेलं 'माझे शैक्षणिक तत्त्वज्ञान' आणि खाली पंधरा ओळी रिकाम्या. बऱ्याच जणांनी विद्यार्थी हा केंद्रबिंदू, आनंददायी शिक्षण, आजन्म शिक्षण असं लिहून दिलं आणि ते खोटं आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही, पण माझ्या हातून त्या पंधरा ओळी काही भरल्या नाहीत. मला वाटतं शिक्षकाचं तत्त्वज्ञान बघायचं असेल तर ज्या माणसाला शिकवायचा आपल्याला पगार नाही, जो आपल्या हजेरीपत्रकात नाही, असा माणूस पुस्तक घेऊन समोर आला की तो शिक्षक काय करतो ते बघावं. म्हणून त्या कागदाऐवजी हे एक प्रकरण सविस्तर लिहितेय. ज्यांच्याबद्दल आहे त्यांना विचारून, वाचून दाखवून लिहिलंय. नाव आणि गाव देत नाही.

परिस्थिती अशी

माझी शाळा जिल्हा परिषदेची, सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात, पहिली ते सातवी. मी वडूजहून ये-जा करते. आमच्याकडं शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या एक ताई आहेत, पोरं त्यांना मावशी म्हणतात, मी ताई म्हणते. हे सुरू झालं तेव्हा त्यांचं वय ३१, मुलगी आमच्याच शाळेत सहावीला. मालक दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, घरी दोन गाई, सासूबाई आहेत. मानधन महिन्याला अडीच हजार.

शिक्षण आठवी पास. पुढं हायस्कूल शेजारच्या गावात होतं, मुलींना एसटीचा पास फुकट होता पण शाळेच्या वेळेला गाडीच नव्हती, आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर चालत यायचं म्हणल्यावर वडिलांनी बंद केलं. ह्यात कुणी वाईट माणूस नाही. त्या भागात त्या वर्षी आठवीनंतर घरी बसलेल्या मुली त्या एकट्या नव्हत्या. शिक्षण हक्क कायदा अंमलात आला १ एप्रिल २०१० ला, तोही १४ वर्षांपर्यंतच, म्हणजे तो असता तरी नववी-दहावीसाठी त्यांना त्याचा उपयोग झाला नसता. हे लोकांच्या लक्षात येत नाही. मुलगी सुटते ती बहुतेक वेळा नेमकी कायदा संपतो तिथंच.

आता दहावी कशाला? तर अंगणवाडी मदतनीस व्हायचंय, त्याला आता बारावी पास लागतं आणि वयाची अट ३५. म्हणजे शिकायची हौस वगैरे नंतर, आधी हे गणित. मी हे मुद्दाम लिहितेय कारण आजन्म शिक्षण म्हणलं की आपल्या डोळ्यासमोर निवृत्त काका संस्कृत शिकतायत असं काहीतरी येतं, तेही चांगलंच आहे, पण ताईंच्या शिकण्याला शेवटची तारीख होती आणि ती तारीख त्यांना पाठ होती.

१७ नंबरचा फॉर्म, म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसायचं. वय १४ पूर्ण आणि किमान पाचवी पास असलं की बसता येतं, हे गावात दहातल्या आठ जणींना माहीतच नसतं, त्यांना वाटतं आधी नववी करावी लागेल. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, त्यात खूप फेऱ्या झाल्या, ते सगळं लिहीत बसत नाही. एवढंच सांगते की फॉर्म भरायच्या तारखा आल्यावर दाखला शोधायला जाऊ नका, दोन-तीन महिने आधी जा.

त्यांनी आधी तालुक्याला एका क्लासमध्ये जाऊन बघितलं होतं. तिथं सांगितलं, तुमचं गणित होणार नाही, वस्तुनिष्ठ प्रश्न पाठ करा आणि बाकी विषयांवर जोर द्या. त्या परत आल्या आणि मला म्हणाल्या, "मॅडम, पाठ करून बी बगितलं. ते एक्स वाय दिसलं की पोटात गोळा येतोय."

सात किलो तीनशे

आमच्यात काय करतात, मोठ्या माणसाला शिकवायचं झालं की आधी चाचणी घेतात, काय येत नाही त्याची यादी करतात आणि तिथून खाली खाली जात पार दुसरी-तिसरीच्या बेरजेवर येतात. मला ते पटत नाही. ३१ वर्षांची बाई रोज माप काढते, बचत गटाचा हिशेब ठेवते, दुधाचं बिल तपासते, तिला तू शून्यावर आहेस असं सांगून सुरुवात करायची म्हणजे तिचं सगळं जगणं बाजूला काढून ठेवा म्हणण्यासारखं आहे. मी चाचणी घेतली नाही. मी सकाळी तांदूळ मोजायच्या वेळेला त्यांच्या खोलीत जाऊन बसले.

शालेय पोषण आहाराचं माप सगळ्या शिक्षकांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी लिहिते. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ आणि ३० ग्रॅम डाळ. लहानांना ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, मोठ्यांना ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशेब. रोज हजेरी घेऊन आम्ही लहान किती मोठी किती सांगतो आणि ताई काट्यावर माप काढतात.

मी उलटा प्रश्न घातला. म्हणलं, समजा उद्या मी लहान-मोठी सांगितलीच नाहीत, नुसतं म्हणाले एकूण पोरं ६२ आणि तांदूळ ७ किलो ३०० काढा, तर सहावी-सातवीची पोरं किती?

त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं, वर पत्र्याकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "बावीस."

कसं?

"समद्यास्नी धाकल्याचं माप धरायचं की. बासष्टला सहा किलो दोनशे झालं. तुम्ही काढलं सात-तीनशे. म्हंजी अकराशे ग्रॅम जादा. ते जादा कुणाचं? मोठ्यांचं. एका मोठ्याला पन्नास जादा. अकराशेत पन्नास किती येळा, बावीस."

मी त्यांच्याच डाळीच्या पोत्यावरच्या पुठ्ठ्यावर लिहिलं. एक्स वाय लिहिलं नाही. लहान म्हणजे ल, मोठी म्हणजे म.

ल + म = ६२
१०० ल + १५० म = ७३००

म्हणलं, तुम्ही पहिल्या ओळीला शंभरनं गुणलं, १०० ल + १०० म = ६२००, बरोबर? मग खालच्यातनं ती वजा केली. उरलं ५० म = ११००. म बरोबर बावीस. आणि हे जे तुम्ही केलं ते दहावीच्या बीजगणिताचा पहिला धडा आहे, दोन चलांतील रेषीय समीकरणे, ह्याला लोप करणं म्हणतात, ल चा लोप केला तुम्ही.

त्या बराच वेळ पुठ्ठ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे एवढंच हाय व्हय?"

एवढंच नव्हतं अर्थात, पुढं ल च्या जागी एक्स यायला, ऋण संख्या आल्यावर न घाबरायला, पायऱ्या कागदावर ओळीखाली ओळ लिहायला बरेच दिवस गेले, कारण त्यांचं उत्तर डोक्यात आधी यायचं आणि पायऱ्या लिहायचा त्यांना कंटाळा यायचा, आणि बोर्डाच्या पेपरला नुसतं उत्तर लिहून मार्क मिळत नाहीत. पण इथं माझं जे काही तत्त्वज्ञान आहे ते आहे. माणसाला काय येतं ते आधी शोधायचं, तेही त्याच्या जागेवर जाऊन, त्याच्या हातातलं काम चालू असताना. येत नाही त्याची यादी नंतर आपोआप होते आणि मग ती फार लहान निघते. ताईंना बीजगणित येत होतं. लिहायची रीत येत नव्हती. क्लासवाल्यांनी रीत येत नाही हे बघितलं आणि बीजगणित येत नाही असा निकाल दिला.

जे खोलीत सापडलं नाही

आता हे वाचून कुणी म्हणेल सगळं गणित स्वयंपाकघरातून शिकवता येतं. नाही येत. अंकगणिती श्रेढी बचत गटाच्या हप्त्यावरून जमली, महत्त्वमापनाला पातेलं म्हणजे वृत्तचिती होती, अर्थनियोजनात जीएसटी किराणा बिलावर दिसला. पण वर्गसमीकरणाला मला त्यांच्या जगण्यातलं प्रामाणिक उदाहरण सापडलं नाही आणि मी ओढूनताणून आणलंही नाही. असल्या ओढलेल्या उदाहरणांनी मोठ्या माणसाला लगेच कळतं की आपल्याला फसवतायत. तिथं सरळ सांगितलं, ताई हे आत्ता नुसतं खेळासारखं करायचं.

आणि भूमितीला मीच विद्यार्थी झाले. मी डीएड झालेली, प्राथमिकची शिक्षिका, त्रिकोणमिती माझ्या स्वतःच्या दहावीनंतर हातात आलेली नव्हती. पुस्तक आणलं, घरी आदल्या दिवशी सोडवायची, अडलं की शेजारच्या हायस्कूलच्या गणिताच्या सरांना फोन, त्यांनी कधी कंटाळा केला नाही. नव्या शैक्षणिक धोरणात शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हणलंय, ते आपण ऑनलाइन कोर्सचे व्हिडिओ बघून आणि प्रमाणपत्र डाऊनलोड करून भरतो. मला त्या कोर्सेसबद्दल तक्रार नाही, काही खरंच चांगले आहेत. पण उद्या दुपारी तीनला कुणीतरी समोर बसणार आहे आणि तिला हे प्रमेय समजावून द्यायचंय, ह्या भीतीनं जे शिकणं होतं त्याची सर कशाला नाही.

प्रमेयांवर ताईंनी विचारलेला प्रश्न अजून माझ्या डोक्यात आहे. "दिसतंय की सारखं हाय, मग सिद्ध कशाला करायचं?" हा प्रश्न सहावी-सातवीचं पोर विचारत नाही, ते मुकाट्यानं उतरवून घेतं. मी त्यांना विचारलं, गटात सगळ्या बायकांचा तुमच्यावर भरवसा आहे ना, मग दर महिन्याच्या मीटिंगला रजिस्टर मोठ्यानं वाचून का दाखवता? त्या म्हणाल्या, "भरवसा हाय म्हणूनच वाचायचं. उद्या कुणी नवी आली तर तिला बी कळाय पायजे." मला त्यापेक्षा चांगलं उत्तर देता आलं नसतं. त्यानंतर प्रमेयाच्या प्रत्येक ओळीपुढं कारण लिहायला त्यांनी कधी टाळाटाळ केली नाही.

मुलीचं म्हणणं

ह्या प्रकरणातली सगळ्यात नाजूक बाजू ही, म्हणून थोडी थांबून लिहिते.

ताई भांडी उरकून तीनच्या सुमारास मोकळ्या व्हायच्या. शेवटचे दोन तास माझे सहावीवर. मला वाटलं त्यांनी वर्गातच मागं बसावं, गणिताचा पाया पक्का होईल, आणि पोरांनाही मोठं माणूस शिकताना दिसेल. मोठी माणसं शिकवताना पोरांना रोज दिसतात, ओरडताना दिसतात, मोबाईल बघताना दिसतात. शिकताना, अडकताना, खोडून परत लिहिताना दिसत नाहीत. हे दिसावं असं मला मनापासून वाटतं.

पण त्या वर्गात त्यांची मुलगी होती. मी आधी तिलाच विचारलं, बाजूला घेऊन. ती गप्प बसली, मग म्हणाली, आई चुकली तर पोरं हसतील. मी म्हणलं आपल्या वर्गात चुकल्यावर कुणी हसत नाही, चुकलेलं गणित फळ्यावर घेऊन कुठं वाट चुकली ते सगळे मिळून शोधतो. ती म्हणाली, "ते आमचं. आईचं नाही."

ते आमचं, आईचं नाही. अकरा वर्षांच्या पोरीनं एवढं स्पष्ट सांगितल्यावर मी पुढं समजावत बसले नाही. तिच्याशी बोलून ठरवलं की आई शेवटच्या बाकावर बसेल, तिला फळ्यापाशी बोलवायचं नाही, तिची वही पोरांच्या समोर तपासायची नाही. शेवटपर्यंत आम्ही ते पाळलं. पुढं मुलीचं मन पालटलं आणि तीच आईला शिकवायला लागली असं काही झालं नाही. ती घरी आईचा अभ्यास चालू असला की दुसऱ्या खोलीत बसायची. आता सातवीत आहे, थोडी मोकळी झालीय, परवा आईचा कंपास मागून घेऊन गेली.

मला कुणी विचारलं की ह्यात आईचं शिकणं महत्त्वाचं की मुलीचा संकोच, तर माझं उत्तर असं की मुलगी माझ्या वर्गातली आहे आणि तिला त्या वर्गात सुरक्षित वाटणं हे माझं पहिलं काम. ताईंनाही ते लगेच पटलं, किंबहुना त्या म्हणाल्या, मी बाहेर व्हरांड्यात बसते की. व्हरांड्यात बसायची वेळ आली नाही.

बाकीच्या पोरांवर काय परिणाम झाला हे मोजायचं साधन माझ्याकडं नाही. एक गोष्ट बघितली ती सांगते. अपूर्णांकाला एक मुलगा रडकुंडीला आला होता, त्याच्या बाजूचा म्हणाला, "मावशी बी काल तिथंच अडाकली होती, मॅडमनी दोनदा सांगितलं," आणि हा परत वहीत डोकं घालून बसला.

आपल्या जिल्ह्यात हे नवं नाही

आपण सातारकर दरवर्षी २२ सप्टेंबरला कर्मवीर भाऊराव पाटलांची जयंती करतो, भाषणं होतात, कमवा आणि शिका हे शब्द पोरांना पाठ असतात. १९१९ ला कराड तालुक्यातल्या काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ ला साताऱ्याला आली, १९२७ ला गांधीजींच्या हस्ते बोर्डिंगला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं, हे सगळं आम्ही शिकवतो. पण त्या बोर्डिंगमध्ये पोरं स्वतः राबत होती, आणि धान्य संपलं तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं, ही गोष्ट सांगताना आपण त्याग एवढाच धडा काढतो. मला त्यात दुसरंही दिसतं. काम एका बाजूला आणि शिकणं दुसऱ्या बाजूला अशी भिंत त्या माणसांनी मानलीच नव्हती. मग आमच्या शाळेत खिचडीची खोली आणि वर्गखोली ह्यांच्यात भिंत कुठून आली?

आणि प्रौढांचं म्हणाल तर ग्रामशिक्षण मोहीम साताऱ्यातच सुरू झाली, १९५९ ला. गावातल्या शाळेचे शिक्षक आणि शिकलेली पोरं रात्री मोठ्यांना लिहावाचायला शिकवायचे, गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा, पुढं ती राज्यभर गेली आणि १९७२ ला युनेस्कोचं पारितोषिक मिळालं. आता उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे, १५ वर्षांपुढच्या निरक्षरांसाठी, त्याची चाचणी १५० गुणांची असते, वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०. चांगलं काम आहे, मी त्यातही असते. पण ताईंसारख्या आठवी-नववीला सुटलेल्या बायका ह्या कशातच बसत नाहीत. त्या साक्षर आहेत म्हणून मोहिमेत नाहीत, वय झालंय म्हणून शाळेत नाहीत, आणि पैसे व वेळ नाही म्हणून क्लासमध्ये नाहीत. माझ्या मते खरं काम ह्या मधल्या पट्ट्यात आहे आणि ते करायला गावात माणूस एकच उपलब्ध असतो, प्राथमिक शाळेचा शिक्षक. आमच्यावर अशैक्षणिक कामं किती आहेत ते मला माहीत आहे, मी स्वतः ती करते आणि त्याविरुद्ध बोलतेही. हे काम मात्र शैक्षणिक आहे.

आता कुठं आलंय

२०२५ च्या मार्चला ताई दहावीला बसल्या. गणितात ४८. मराठी, हिंदी, सामाजिक शास्त्रं व्यवस्थित, विज्ञान निघालं. इंग्रजी राहिलं. जूनच्या पुरवणी परीक्षेलाही राहिलं. म्हणजे गावाच्या हिशेबानं त्या अजून नापास आहेत आणि दोन-चार बायकांनी तोंडावर तसं म्हणूनही दाखवलं. घरी मालकांनी काही विरोध केला नाही पण फार लक्षही घातलं नाही. खरा आधार सासूबाईंचा. परीक्षेच्या दिवसांत दोन्ही वेळच्या धारा त्यांनी काढल्या, आणि त्याबद्दल कुणापाशी एक शब्द बोलल्या नाहीत, मला ते ताईंकडून कळलं.

इंग्रजीला तांदळासारखं काही हाताशी नाही, ही माझी अडचण आहे. अक्षरं येतात, वाचता येतं, पण वाक्य बनवता येत नाही, आणि पेपरला ८० मार्कांचं सगळं लिहायचंच असतं. सध्या आम्ही असं करतो की शाळेत येणाऱ्या तेलाच्या डब्यावरचा, मसाल्याच्या पाकिटावरचा मजकूर वाचायचा, आणि आज काय शिजवलं ते रोज चार ओळींत इंग्रजीत लिहायचं. काळ चुकतात, लिहिणं चालू आहे.

मधेच १ सप्टेंबर २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त बाकी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचं, नाहीतर नोकरीला धोका. मी टीईटी सुरू व्हायच्या आधीची लागलेली. आमच्यात ह्यावर खूप राग आहे आणि तो मला समजतो, इतकी वर्षं वर्ग सांभाळलेल्या माणसाला एका पेपरवर तोलणं हे माझ्याही विचारात बसत नाही, ज्या कारणानं ताईंची चाचणी घ्यावी असं मला वाटलं नाही त्याच कारणानं. पण पेपर तर द्यायचाय. १५० प्रश्न, खुल्या गटाला ९० मार्क पाहिजेत. त्यामुळं आता शाळा सुटल्यावर अर्धा-पाऊण तास पोषण आहाराच्या खोलीत आम्ही दोघी बसतो, त्यांच्यापुढं इंग्रजी, माझ्यापुढं बालमानसशास्त्र. त्यांना कळलं की माझ्याही नोकरीला आता परीक्षेची अट आहे तेव्हा त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमाला बी शेवटची तारीख हाय व्हय?" मी म्हणलं, आहे. मग त्यांनी स्वतःच ठरवलं की शुक्रवारी गप्पा नाहीत, दोघींनी घड्याळ लावून पेपर सोडवायचा.

ताईंचं इंग्रजी येत्या फेब्रुवारी-मार्चला. गटातल्या अजून दोघी पुढच्या १७ नंबरच्या फॉर्मबद्दल विचारून गेल्यात, एक सातवी पास आणि एक नववी नापास. सातवीवालीचा दाखला माण तालुक्यात तिच्या जुन्या शाळेत आहे. ताई म्हणाल्या त्यांना आता सगळे कागद पाठ आहेत, दिवाळीच्या सुट्टीत त्याच तिला घेऊन दहिवडीकडं जाणार आहेत.